फेरलढत परत द्या: इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
द फुटबॉल असोसिएशन,
वेम्बली, लंडन.

विषय: एफए कपातली बंद केलेली फेरलढत (बरोबरी झाली की तोच सामना नंतर पुन्हा खेळणं) परत सुरू करण्याबाबत.
संदर्भ: कै. सार्जंट जिमी स्पीयर्स, कर्णधार, ब्रॅडफर्ड सिटी, 1911.

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण मला राग मराठीतच येतो. तुमच्याकडं मराठी वाचणारं कुणी नसेल तर लंडनच्या महाराष्ट्र मंडळात विचारा, कुणीतरी बसून समजावून सांगेल. आणि खुलं पत्र म्हटलं की पाकिटावर नाव एकाचं नि वाचणारे भलतेच, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

मी कोल्हापूरचा. भारत म्हणजे क्रिकेट अशी तुमची समजूत असणार, पण आमच्या गावात फुटबॉल पेठेपेठेत मुरलेला आहे. इथले संघ तालमींच्या नावानं ओळखले जातात: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला की आमच्याकडं टायब्रेकर होतो, म्हणजे पेनल्टी मारून निकाल. मैदान एक, संघ पुष्कळ, तारखांची मारामार. दुसरा इलाज नाही. त्यामुळे पेनल्टीवर निकाल लावला म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. नाइलाज असेल तिथं लावावा. पण ज्यांच्याकडं मैदानं आहेत, पैसा आहे आणि एफए कपासारखी 1871 पासून चालत आलेली, छोट्यामोठ्या सगळ्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा आहे, त्यांनी नाइलाजाचा आव आणला की मग बोलावं लागतं.

एप्रिल 2024 मध्ये तुम्ही प्रीमियर लीगबरोबरचा, म्हणजे सगळ्यात वरच्या वीस क्लबांबरोबरचा, करार जाहीर केला आणि 2024-25 च्या हंगामापासून कपाच्या पहिल्या फेरीपासून पुढं फेरलढत बंद करून टाकली. खालच्या तीन विभागांचा कारभार पाहणाऱ्या ईएफएलनं तेव्हाच जाहीर तक्रार केली, की हे तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत, आम्हाला विचारलंच नाही. घरातल्या धाकट्यांचा वाटा थोरल्यांनी परस्पर वाटून घ्यावा, तसा हा कारभार झाला.

त्या बैठकीत कुणी जिमी स्पीयर्सचं नाव काढलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून मी काढतो.

जेम्स हॅमिल्टन स्पीयर्स 1886 मध्ये ग्लासगोच्या गोव्हन भागात जन्मला. गोव्हन म्हणजे क्लाइड नदीकाठचा जहाजबांधणीचा कामगार मुलूख, आणि रेंजर्सचं आयब्रॉक्स मैदान तिथंच. मेरीहिल या स्थानिक संघातून 1905 मध्ये तो रेंजर्सकडं गेला, तिथं तीन हंगाम काढले, मग एक हंगाम क्लाइड क्लबात. खेळायचा इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे गोल करायचेही आणि दुसऱ्याला करूही द्यायचे. स्कॉटलंडकडून तो एकदाच खेळला, मार्च 1908 मध्ये डंडीला वेल्सविरुद्ध. सामना 2-1 असा जिंकला आणि पुन्हा त्याला बोलावणं आलं नाही. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये चांगल्या फॉरवर्डची टंचाई कधीच नव्हती. चांगला होता, पण त्याच्यासारखे अजून दहा होते. करिअर तिथंच थांबलं असतं तर आज त्याचं नाव फक्त आकडेवारी जमवणाऱ्यांना माहीत असतं.

1909 च्या उन्हाळ्यात तो ब्रॅडफर्डला आला. यॉर्कशरमधलं हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. आमच्या शेजारचं इचलकरंजी जसं मागावर उभं आहे, तसं हे लोकरीवर उभं होतं. गंमत म्हणजे ब्रॅडफर्ड सिटी हा क्लब मुळात फुटबॉलचा नव्हताच. मॅनिंगहॅम नावाचा रग्बी क्लब होता. 1903 मध्ये त्यानं रग्बी सोडून फुटबॉल धरला आणि एकही सामना न खेळता थेट इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात जागा मिळवली. रग्बीच्या मुलखात फुटबॉलचा झेंडा रोवायची लीगला घाई होती, हे त्यामागचं कारण. पाच वर्षांत क्लब पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या विभागात चढला. व्यवस्थापक पीटर ओरूर्क स्कॉटिश होता. त्यानं उत्तरेकडून माणसं आणली, इतकी की 1911 च्या कप विजेत्या संघात आठ स्कॉटिश होते. इंग्लिश कप आणि संघ निम्म्याहून जास्त स्कॉटलंडचा! तेव्हा परक्या खेळाडूंवरून कुणी छाती बडवल्याचं माझ्या वाचनात नाही.

पगाराचंही सांगतो, कारण पुढं तुमच्या युक्तिवादात खेळाडूंच्या थकव्याचा मुद्दा येणार आहे. 1901 पासून तुमच्याच नियमानं खेळाडूला आठवड्याला कमाल चार पौंड मिळत. 1910 पासून काही वर्षं चाकरी झालेल्याला फार तर पाच. पहिल्या विभागात 20 संघ, म्हणजे 38 सामने, वर कपाचे वेगळे. बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. पाय मुरगळला तर त्याच पायानं लंगडत कडेला उभं राहायचं, पण मैदान सोडायचं नाही, कारण सोडलं तर संघ दहाचा.

अशा हंगामात ब्रॅडफर्ड सिटी कपात उतरली. न्यू ब्रॉम्टनला 1-0, नॉर्विचला 2-1, ग्रिम्सबीला 1-0, बर्नलीला 1-0, उपांत्य फेरीत ब्लॅकबर्नला 3-0. अंतिम सामन्यापर्यंत अंगावर गोल फक्त एक. समोर न्यूकॅसल युनायटेड, गतविजेते, आणि त्या दशकातला सगळ्यात भारी संघ: 1905, 1907 आणि 1909 ला लीग विजेते, शिवाय सात वर्षांतला त्यांचा हा पाचवा अंतिम सामना. फक्त क्रिस्टल पॅलेसचं मैदान त्यांना कधी लाभलं नाही. तिथं त्यांनी एकही अंतिम सामना जिंकला नाही. 1910 चा कपही त्यांनी बार्न्सलीशी बरोबरी झाल्यावर लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर फेरलढतीत जिंकला होता.

22 एप्रिल 1911, शनिवार. क्रिस्टल पॅलेसवर सुमारे 69 हजार माणूस. निकाल 0-0. खरं सांगायचं तर तो सामना कुणाच्या आठवणीत राहण्यासारखा नव्हताच. आजचा नियम असता तर त्या दिवशी संध्याकाळीच पेनल्टी झाल्या असत्या, कुणीतरी एक चेंडू बाहेर मारला असता आणि विषय मिटला असता.

तसं झालं नाही. बुधवारी, 26 एप्रिलला, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा खेळायचं ठरलं. ओल्ड ट्रॅफर्ड तेव्हा जेमतेम एका वर्षाचं मैदान. लंडनहून मँचेस्टर ब्रॅडफर्डला कितीतरी जवळ. कामाचा दिवस असूनही सुमारे 58 हजार माणूस जमला. शनिवारची अर्धी सुट्टी गिरणी कामगाराला हक्काची होती, बुधवारची नव्हती. ज्यांनी त्या दिवशी मागाकडं पाठ फिरवली त्यांनी पोटाला चिमटा काढूनच ती फिरवली असणार.

आता तीन-चार दिवसांच्या या मधल्या वेळात काय घडलं ते बघा, कारण माझं सगळं म्हणणं इथं आहे. पहिल्या सामन्यात ब्रॅडफर्डचा सेंटर हाफ, म्हणजे मधली फळी सांभाळणारा, विली गिल्डी होता. फेरलढतीला त्याच्या जागी बॉब टॉरन्स आला. टॉरन्स आधीच्या सामन्यात नव्हता. आणि ओल्ड ट्रॅफर्डवर ज्यांनी खेळ पाहिला त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते या टॉरन्सचं. न्यूकॅसलचे हल्ले त्यानं परतवले. फेरलढत नसती तर कप अंतिम सामन्यात तो खेळलाच नसता. पेनल्टीचा निकाल मैदानात असलेल्यांतूनच लागतो. फेरलढतीत मात्र बाकावर बसलेल्याचंही नशीब उघडतं, व्यवस्थापकाला चूक सुधारता येते, आणि आधीच्या सामन्यात जो नव्हता तो नायक होऊ शकतो.

पंधराव्या मिनिटाला गोल झाला. उंच आलेला चेंडू, गोलपुढं गर्दी, ब्रॅडफर्डचा फ्रँक ओरूर्क गोलरक्षकाच्या अंगावर धावून जातोय आणि जिमी स्पीयर्सनं हेडर मारला. न्यूकॅसलचा गोलरक्षक जिमी लॉरेन्स, तोही ग्लासगोचाच. त्याचं लक्ष क्षणभर ओरूर्ककडं गेलं आणि चेंडू घरंगळत आत गेला. म्हणजे जाळी फाडणारा फटका वगैरे काही नव्हता. चित्रपटात दाखवला तर प्रेक्षक म्हणतील, एवढंच? हो, एवढंच. त्यानंतर पाऊण तासाहून कितीतरी जास्त वेळ ती 1-0 ची आघाडी टॉरन्स, बॉब कॅम्पबेल, डेव्ही टेलर आणि गोलरक्षक मार्क मेलर्स यांनी धरून ठेवली. कर्णधार म्हणून कप उचलायला स्पीयर्सच पुढं गेला.

आणि कप कोणता? हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. पहिला कप 1895 मध्ये बर्मिंगहॅमच्या दुकानातून चोरीला गेला तो गेलाच. दुसरा तुम्ही 1911 मध्ये तुमचे अध्यक्ष लॉर्ड किनेर्ड यांना 21 वर्षांच्या सेवेबद्दल भेट दिलात. मग तिसरा करायला टाकला आणि तो घडवला ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी या पेढीनं. म्हणजे ब्रॅडफर्डमध्ये घडलेला नवा कोरा कप पहिल्याच वर्षी ब्रॅडफर्डलाच परत आला, तोही फेरलढतीतून. आजही वेम्बलीला विजेता कर्णधार जो उचलतो तो त्याच नमुन्याचा. दरवर्षी मे महिन्यात तुमचे पदाधिकारी ज्या नमुन्याचा कप हातात देतात, तो सगळ्यात आधी स्पीयर्सच्या हातात होता. ब्रॅडफर्ड सिटीनं त्यानंतर आजपर्यंत एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही. सगळ्या क्लबाचा इतिहास एका बुधवारवर उभा आहे.

फेरलढतीनं दिलं तसं घेतलंही, हे लपवायचं कारण नाही. पुढच्याच हंगामात उपांत्यपूर्व फेरीत गतविजेती ब्रॅडफर्ड सिटी आणि बार्न्सली यांची गाठ पडली. 0-0. पुन्हा 0-0. पुन्हा 0-0. चौथ्यांदा शेफील्डला खेळले तेव्हा बार्न्सलीनं 3-2 असं हरवलं, आणि पुढं तीच बार्न्सली कप जिंकून गेली, अर्थात अंतिम सामन्याच्या फेरलढतीतच. चार-चार सामने खेळवा असं मी म्हणत नाही. 1971 मध्ये ऑल्वचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी पात्रता फेरीत सहा वेळा खेळले, तो प्रकार हौसेलाही जड. 1991-92 पासून तुम्ही एकच फेरलढत ठेवलीत तेव्हा मला तरी त्यात गैर वाटलं नसतं.

स्पीयर्सचं पुढं काय झालं तेही सांगतो. डिसेंबर 1912 मध्ये लीड्स सिटीनं त्याला 1,400 पौंडांना घेतला. दुसऱ्या विभागातल्या क्लबासाठी ही मोठीच रक्कम. व्यवस्थापक होता हर्बर्ट चॅपमन, जो पुढं हडर्सफील्ड आणि आर्सेनलला घेऊन लीग जिंकला. स्पीयर्स लीड्समध्ये गोल करत राहिला. 1913-14 मध्ये क्लब चौथा आला, बढती थोडक्यात हुकली. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. हाच लीड्स सिटी क्लब युद्धकाळात खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याच्या आरोपावरून 1919 मध्ये बरखास्त झाला आणि त्याचे खेळाडू हॉटेलात लिलावात विकले गेले. ते पाहायला स्पीयर्स नव्हता.

मे 1915 मध्ये तो ग्लासगोला जाऊन कॅमेरॉन हायलँडर्स पलटणीत भरती झाला. सक्तीची भरती अजून आलेली नव्हती. ती आली 1916 मध्ये, आणि तीही आधी अविवाहितांना. हा तर बायको आणि दोन लहान मुलांचा बाप. थांबला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. 1917 मध्ये त्याला शौर्याबद्दल मिलिटरी मेडल मिळालं, सार्जंटची बढती मिळाली आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला बेल्जियममध्ये, ईप्रच्या तिसऱ्या लढाईत, पॅशेनडेलच्या चिखलात तो मारला गेला. वय 31. डोकी फार्म नावाच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. टॉरन्सही वाचला नाही. 1918 मध्ये तो गेला. ब्रॅडफर्डकडून आधी खेळलेला इंग्लंडचा आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि पेशानं शिक्षक असलेला एव्हलिन लिंटॉट 1 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारला गेला.

युद्धाचा उल्लेख मी तुमचे डोळे ओले करायला करत नाही. नोव्हेंबरमध्ये तुम्ही सगळे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ छातीवर लाल पॉपीचं फूल लावता, सामन्याआधी मिनिटभर स्तब्ध उभे राहता, ते मनापासूनच असेल. पण या माणसांचं स्मरण करायचं आणि ज्या प्रथेमुळे त्यांची नावं आपल्याला माहीत झाली तीच मोडीत काढायची, हे दोन्ही एकाच संस्थेनं कसं करावं?

आता आजचं बोलू. कुणी म्हणेल 1911 ला दोन्ही क्लब पहिल्या विभागाचे, सामनाही तिसऱ्याच गावात, त्याचा आजच्या छोट्या क्लबांशी संबंध काय? आक्षेप बरोबर आहे. फेरलढतीची खरी गोडी छोट्यांनाच. 1972 मध्ये फुटबॉल लीगच्या बाहेर, सदर्न लीगमध्ये खेळणाऱ्या हेरफर्डनं न्यूकॅसलच्या घरी 2-2 बरोबरी केली म्हणून न्यूकॅसलला हेरफर्डच्या चिखलात यावं लागलं. तिथं सुतारकाम करणाऱ्या रॉनी रॅडफर्डनं लांबून मारलेला गोल तुमच्या प्रत्येक जाहिरातीत असतो. तो गोल फेरलढतीतला आहे! (न्यूकॅसलचं आणि फेरलढतीचं काही फारसं जमलेलं नाही, हे मान्य. 1910 सोडून.) हेरफर्ड त्याच वर्षी लीगमध्ये घेतले गेले.

2005 चं उदाहरण तर पैशाचंच आहे. एक्सेटर सिटी तेव्हा लीगबाहेर फेकलेला, कर्जात बुडालेला, चाहत्यांनी हातात घेतलेला क्लब. जानेवारीत त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला 0-0 रोखलं. 67 हजारांवर प्रेक्षक, आणि कपात तिकिटाच्या उत्पन्नात पाहुण्यांचाही वाटा असतो. मग फेरलढत एक्सेटरच्या घरी, टीव्हीवर. रोनाल्डो आणि रूनी यांनी गोल केले, एक्सेटर 2-0 हरलं आणि त्या दोन सामन्यांच्या पैशांनी त्यांचं कर्ज मोठ्या प्रमाणावर फिटलं. अशी बरोबरी कुठल्या लीगमध्ये मिळते?

आणि तुमच्या नव्या नियमाचं पहिलंच वर्ष. 12 जानेवारी 2025, टॅमवर्थ विरुद्ध टॉटनहॅम. टॅमवर्थ पाचव्या विभागात, खेळाडू बहुतेक अर्धवेळ. गोलरक्षक जस सिंग दिवसा इमारतींच्या सर्व्हेचं काम करतो. लँब ग्राउंडवर जेमतेम चार हजार माणूस मावतं, मैदान कृत्रिम गवताचं. नव्वद मिनिटं टॉटनहॅमला एक गोल करता आला नाही. शेवटी तर टॅमवर्थच जिंकतंय की काय असं वाटत होतं. जुना नियम असता तर पुढचा सामना 62 हजारांच्या टॉटनहॅमच्या मैदानात, तिकिटाच्या पैशात वाटा, टीव्हीचे पैसे वेगळे. ज्या गावानं तो दिवस कमावला, त्या गावाला आयुष्यभर पुरलं असतं. तुम्ही त्यांना काय दिलंत? अर्धा तास जादा वेळ. दिवसभर नोकरी करणाऱ्यांना पूर्णवेळ व्यावसायिकांबरोबर आणखी तीस मिनिटं पळायला लावलंत. पहिला गोल टॅमवर्थच्याच खेळाडूकडून आत गेला, मग आणखी दोन. 3-0. निकालपत्रकात ते नेहमीसारखंच दिसतं.

एक गोष्ट तुमच्या बाजूनंही सांगायला हवी. टॅमवर्थ तिथवर पोचलं ते आधीच्या फेरीत बर्टनला पेनल्टीवर हरवून. म्हणजे नव्या नियमानं त्यांना काहीच दिलं नाही असं नाही. पण बर्टनशी फेरलढत त्यांच्या घरी झाली असती, आणि त्यातही जिंकायची संधी होतीच. पेनल्टीची संधी कुणालाही मिळते. टॉटनहॅमशी बरोबरी टॅमवर्थनं स्वतः कमावलेली होती.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. युरोपच्या स्पर्धा वाढल्या. चॅम्पियन्स लीगमध्ये 2024 पासून पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने. वेळापत्रकात जागा नाही, खेळाडू थकतात. खरं आहे, थकतात. पण जागा गेली कुठं? जानेवारीत टॅमवर्थसाठी एक मंगळवार सापडत नाही, आणि उन्हाळ्यात हेच क्लब अमेरिकेत आणि आशियात प्रदर्शनी सामने खेळत फिरतात. 2025 च्या उन्हाळ्यात 32 संघांचा क्लब विश्वचषक अमेरिकेत झाला, त्याला जागा सापडली. 25 जणांचा ताफा, पाच बदली खेळाडू, खासगी विमानं, आणि फेरलढत मात्र अंगावर येते! स्पीयर्सचा संघ शनिवारी लंडन आणि बुधवारी मँचेस्टर खेळला, आगगाडीनं.

तळागाळाच्या फुटबॉलला या करारातून जादा पैसे मिळणार, असंही तुम्ही सांगितलंत. मिळोत. पण पैसा वाटणं आणि कमावू देणं यात फरक आहे. वाटलेला पैसा कितीही असला तरी तो वरून येतो, आणि वरून येणारं वरच्याच्या मर्जीनं कमी-जास्त होतं. एक्सेटरनं ओल्ड ट्रॅफर्डवर जे कमावलं ते त्यांच्या बापाचं होतं, त्यासाठी त्यांना कुणाला सलाम ठोकावा लागला नाही.

अंतिम सामन्याची फेरलढत परत मागण्याइतका मी भोळा नाही. ती 1993 नंतर झालेली नाही, उपांत्य फेरीची 1999 ला संपली. त्या दिवशी आर्सेनलविरुद्ध मँचेस्टर युनायटेडच्या गिग्जनं मारलेला गोलही फेरलढतीतलाच होता हे जाता जाता लक्षात आणून देतो. वेम्बलीचं वेळापत्रक, पोलीस, टीव्ही, सगळं समजतं. पाचव्या फेरीपासून पुढं पेनल्टी ठेवा, तक्रार नाही.

माझी मागणी त्याहून बरीच छोटी आहे. पहिल्या चार फेऱ्यांत, सामन्यातले दोन संघ वेगवेगळ्या विभागांतले असतील आणि नव्वद मिनिटांत बरोबरी झाली, तर जादा वेळ न देता पुढच्या दहा-बारा दिवसांत एकदाच फेरलढत घ्या, दुसऱ्याच्या घरी. तिथंही बरोबरी झाली तर खुशाल पेनल्टी घ्या. असे सामने हंगामात किती होतात ते तुमच्याच नोंदींत आहे, आकडा मोठा नाही. मोठ्या क्लबाला नको असेल तर त्यानं फेरलढतीचा हक्क सोडून छोट्याला पुढं जाऊ द्यावं, म्हणजे त्याचा थकवाही जाईल आणि छोट्याची चांदी होईल. ही शेवटची सूचना मी थट्टेनं लिहिली, पण वाचून बघा, इतकी वाईट नाही.

दुसरी मागणी कागदोपत्री आहे. हा निर्णय पुन्हा चर्चेला घ्याल तेव्हा ईएफएल आणि त्याखालच्या नॅशनल लीगच्या क्लबांना आधी बोलवा. सातशेहून अधिक क्लब या कपात नाव घालतात. त्यांतले वीस प्रीमियर लीगचे. स्पर्धा सातशेंची आणि बैठक विसांची, हा हिशेब कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीच्या वार्षिक सभेतही चालला नसता, लोकांनी माइक काढून घेतला असता.

उत्तर इंग्रजीत पाठवलंत तरी चालेल.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक फुटबॉलवेडा